कादंबरीने मोकळं सोडलेलं सिनेमा का भरून टाकतो?

वाचनखूण

आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून निराश झालो की आपण बहुतेक वेळा एकच तक्रार करतो: किती गाळलं! अमुक पात्रच नाही, तमुक प्रसंग उडवला. ही तक्रार मला फारशी पटत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा ठोकताळा पटकथालेखक वापरतात. त्या हिशोबाने चारशे पानांची कादंबरी अडीच तासांत बसवायची तर निम्म्याहून जास्त मजकूर जाणारच.

माझी निराशा दुसऱ्या ठिकाणी आहे. लेखकाने एखादी गोष्ट जाणूनबुजून ठरवलेली नसते. ती वाचकाच्या मनात तशीच राहावी, म्हणून तो अख्खं पुस्तक रचतो. आणि सिनेमा येऊन ती ठरवून टाकतो.

'गाइड' हे माझ्या मते याचं सगळ्यात ठळक उदाहरण. आर. के. नारायण यांची कादंबरी १९५८ची, विजय आनंद यांचा चित्रपट १९६५चा. चित्रपट मोठाच आहे. एस. डी. बर्मन यांचं संगीत, शैलेंद्र यांची गाणी, वहिदा रहमान यांचं नृत्य, यांबद्दल वादच नाही. पण कादंबरीच्या शेवटी एकेकाळचा गाइड, आता गावाने साधू मानलेला राजू, पावसासाठीच्या उपासाने खंगून नदीच्या पाण्यात उभा असतो, डोंगरात पाऊस पडतोय, तो मला पायांतून जाणवतोय असं गावकरी वेलनला सांगतो आणि खाली कलंडतो. बस. पाऊस खरंच आला का? राजू मेला का? त्याला शेवटी श्रद्धा गवसली, की उपासमारीने झालेला तो भास होता? नारायण सांगत नाहीत. हा माणूस आयुष्यभर ज्याला जे ऐकायचंय ते सांगत आलेला आहे. त्यामुळे त्याच्या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न म्हणजेच ती कादंबरी. चित्रपटात पाऊस कोसळतो, लोक नाचतात आणि राजूचं संतपण पक्कं होतं.

रोझीचा नवरा मार्को, त्याचंही तेच. पुस्तकातला मार्को गुहांमधल्या चित्रांत बुडालेला, रूक्ष, बायकोच्या नृत्याची किंमत नसलेला माणूस आहे, पण तो बदफैली नाही. रोझी आणि राजूचं प्रेमप्रकरण कळल्यावर तो तिच्याशी बोलणंच बंद करतो आणि एक दिवस तिला मागे ठेवून निघून जातो. तिची बाजू घ्यावी की त्याची, या पेचात वाचक पानंच्या पानं राहतो. चित्रपटात मार्कोच दुसऱ्या स्त्रीबरोबर सापडतो. झालं, रोझीला घर सोडायला सबळ कारण मिळालं आणि प्रेक्षकाचा पेच सुटला. नारायण यांनी या चित्रपटावर नाराजीचा लेख लिहिला होता. त्यातलं मालगुडी उचलून उदयपूर-जयपूरकडे नेल्याचं प्रकरण नेहमी सांगितलं जातं. मला गाव बदलल्याचं तितकं वाटत नाही. पेच काढून घेतला, याचं वाटतं.

तुम्हाला असं कुठे कुठे जाणवलं?

---

कावेरीकाठ

अगदी मनातलं. मी 'देवदास'वर बोलते, कारण तिथे एकच जागा तीन प्रकारे हाताळलेली दिसते.

शरदबाबूंच्या १९१७च्या पुस्तकात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. या दोघींना जोडणारा दुवा फक्त तो एक माणूस, आणि तो तर स्वतःच विरघळत चाललेला. १९५५मध्ये बिमल रॉय यांनी त्यांना रस्त्यात समोरासमोर आणलं. एक पालखीत, एक पायी. एकमेकींकडे पाहतात आणि आपापल्या वाटेने जातात, शब्द नाही. कादंबरीत नसलेला प्रसंग आहे, पण न भेटण्याचं दुःख त्याने वाढतंच. २००२मध्ये भन्साळींनी दोघींना एका चौकात एकत्र नाचवलं.

मग २०१५चा 'बाजीराव मस्तानी' आला. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून. तिथेही काशीबाई आणि मस्तानी 'पिंगा'वर एकत्र! 'राऊ' वाचताना शनिवारवाड्यातला जो अबोला अंगावर येतो, एकाच वाड्यात असूनही माणसांमध्ये पडलेलं जे अंतर आहे, त्याचा त्या गाण्यात मागमूस नाही. दोन्ही पुस्तकांमध्ये दोन स्त्रियांमधली पोकळी महत्त्वाची होती आणि दोन्ही वेळा ती दागिन्यांनी आणि ठेक्याने भरली गेली. तेव्हा इतिहासाच्या अंगाने खूप वाद झाला. मला मात्र वाचक म्हणून जास्त लागलं.

---

तिसरी_घंटा

धागा आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार.

वाचनखूण, मार्कोचा बदल तुम्ही फक्त पुस्तकाच्या बाजूने पाहताय. १९६५मध्ये हिंदी चित्रपटाची नायिका नवऱ्याला सोडून परपुरुषाबरोबर राहते, हेच केवढं धाडस होतं. त्यातही नवऱ्याचा काही दोष दाखवला नसता तर थिएटरमधला प्रेक्षक तिच्याकडे पाठ फिरवून बसला असता. पुस्तक माणूस एकटा वाचतो. त्याला रोझीवर रागावून पुस्तक मिटता येतं, दोन दिवसांनी पुन्हा उघडता येतं. चित्रपटगृहात सातशे माणसं एकदम बसलेली असतात आणि दिग्दर्शकाला त्या सगळ्यांना शेवटपर्यंत धरून ठेवायचं असतं. ती वेगळी कला आहे, तिला वेगळी तडजोड करावी लागते.

पावसाचंही तसंच. शेवटी देव आनंद यांचा स्वतःशीच चाललेला संवाद, देह आणि आत्मा समोरासमोर उभे, हा भाग कादंबरीत नाही आणि तो चित्रपटाचा स्वतःचा कळस आहे. मूळ पुस्तक माहीत नसलेल्या माणसाला त्यात काही उणं वाटत नाही. मग उणीव नेमकी कशात आहे? चित्रपटात, की आपण सोबत घेऊन गेलेल्या पुस्तकात?

---

वाचनखूण

तिसरी_घंटा, प्रेक्षकाच्या सहानुभूतीचा मुद्दा मान्य. त्या काळात ते गरजेचं असेलही. पण गरजेपोटी केलेला बदल आणि कथेच्या हिताचा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्को दोषी ठरला की रोझीचं धाडस लहान होतं. नवरा वाईट म्हणून बाहेर पडणारी बाई आणि नवरा वाईट नसतानाही फक्त आपल्याला नाचायचंय म्हणून घुसमटणारी बाई, यांतली दुसरी जास्त अवघड आहे, आणि आजही तिच्या बाजूने उभं राहणं जास्त कठीण आहे. नारायण यांनी १९५८मध्ये ती लिहून ठेवली होती.

---

अपूर्णविराम

भरून टाकणं हाच दोष असेल तर 'पथेर पांचाली'चं काय करायचं?

बिभूतिभूषण यांच्या कादंबरीत (१९२९) अपू आणि दुर्गा ही भावंडं आगगाडी बघायला म्हणून निघतात आणि वाट चुकून परततात. दुर्गाला गाडी कधीच दिसत नाही. आजारपणातही ती अपूला म्हणते, मी बरी झाले की मला गाडी दाखवशील ना? सत्यजित राय यांनी १९५५च्या चित्रपटात दोघांना कासफुलांतून धावत नेऊन गाडी दाखवली. लेखकाने मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा तिथे सरळ भरली आहे, आणि तोच प्रसंग आज जगभर त्या चित्रपटाची ओळख आहे. कादंबरीतली घरातली म्हातारी, इंदिर ठाकरूण, सुरुवातीच्या भागातच जाते. चित्रपटात ती बरीच पुढपर्यंत राहते आणि तिचं मरण मुलांच्या डोळ्यांसमोर येतं. पुस्तकाचा काशीचा भाग पुढच्या चित्रपटात नेला आहे. हे सगळे मोठे बदल आहेत, तरी या कादंबरीचा चाहता सहसा फसवणूक झाल्याची भावना घेऊन बाहेर पडत नाही.

याचं एक कारण मला असं दिसतं की राय त्या पुस्तकात चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला होते. मुलांसाठी काढलेल्या त्याच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी काढली होती. कुठली चित्रं एकामागोमाग लावली की हे घर उभं राहतं, हे त्यांच्या हाताला माहीत झालं होतं. दुर्गाने चोरलेला हार अपूला तिच्या मरणानंतर सापडतो आणि तो डबक्यात फेकतो, तेव्हा पाण्यावरचं शेवाळ क्षणभर फाटतं आणि पुन्हा जुळून येतं. कुणी काही बोलत नाही. निवेदकाने दोन पानं लिहावीत एवढा ऐवज त्या शेवाळात आहे.

कादंबरी नाही, तरी 'शतरंज के खिलाडी'ही आठवावा. प्रेमचंदांच्या कथेत दोघे खेळाडू तलवारी उपसून एकमेकांना मारतात. राय यांच्या १९७७च्या चित्रपटात दोघे जिवंत राहतात, शरमतात आणि पुन्हा डाव मांडून बसतात, तोही इंग्रजी पद्धतीने. म्हणजे इथे लेखकाने बंद केलेलं दार दिग्दर्शकाने उघडलं. वाचनखूण, तुमचं सूत्र इथे उलटं लागू होतं.

---

वाचनखूण

अपूर्णविराम, फार चांगली उदाहरणं दिलीत. आगगाडीवर बराच वेळ विचार करत होतो.

गाडी दिसली, पण त्याने काही मिटलं का? गाडी येते, धूर सोडत निघून जाते आणि मुलं परत त्याच घरी येतात. दारिद्र्य तसंच, बाहेरचं जग तेवढंच लांब. कादंबरीत दुर्गाची ओढ अपुरी राहते. चित्रपटात ओढ पुरी झाल्यासारखी वाटते आणि वाटेवर लगेच म्हातारीचं मरण समोर येतं. दुःख हललेलं नाही, फक्त जागा बदलली आहे. 'गाइड'च्या पावसाने मात्र प्रश्नच संपतो. कावेरीकाठ यांनी सांगितलेली पारो-चंद्रमुखीची रस्त्यातली नजरानजरही अशीच: प्रसंग नवा, पोकळी जुनीच. मी भरण्याबद्दल बोललो ते या अर्थाने. नवीन प्रसंग घातला म्हणून माझी तक्रार नाही. तो घातल्यावर काही विचारायचं उरतं का, एवढंच मी पाहतो.

---

पावसाळी_ढग

'शाळा' (मिलिंद बोकील) कुणीच काढलं नाही? चित्रपट वाईट नाही, मुलांची कामं सुंदर आहेत. पण पुस्तकात मुकुंद जोशीचा जो आवाज सतत कानाशी बोलत असतो, तोच नाही. घटना तर कुठल्याही शाळेत घडतात तेवढ्याच आहेत. तो आवाज गेला की पुस्तक गेलं.

---

निळी_शाई

पावसाळी_ढग यांनी एका ओळीत सांगितलं त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

कादंबरी एका वाक्यात म्हणू शकते की दर पावसाळ्यात तो असाच दारात येऊन बसायचा. त्या एका वाक्यात वीस पावसाळे येतात. कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याच्यासमोर जे असतं ते एकदाच घडत असतं: हा पाऊस, हे दार, हा माणूस, आत्ता. 'नेहमी असं व्हायचं' हा काळ पडद्याजवळ जवळजवळ नाहीच. आणि आपल्या अभिजात कादंबऱ्यांचा केवढा तरी भाग याच काळात लिहिलेला आहे.

'बनगरवाडी' घ्या. व्यंकटेश माडगूळकरांचं पुस्तक १९५५चं, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. पुस्तकात घटना थोड्या आणि वहिवाट जास्त. मेंढरं कधी निघतात, कारभारी कसा बसतो, शाळेत पोरं कशी येतात नि कशी येत नाहीत. तो तरुण मास्तर आपल्याला हे सांगतो, आणि सांगता सांगता त्या वाडीचा होत जातो. म्हणून दुष्काळाने वाडी ओस पडते तेव्हा एक अख्खी वहिवाट मोडल्यासारखं वाटतं. पडद्यावर आपण मास्तरला बाहेरून पाहतो. गावही प्रसंगाप्रसंगाने दिसतं. चित्रपट प्रामाणिक आहे, त्याने काही खोटं घातलेलं नाही. तरी शेवटी गाव रिकामं होताना माझ्या पोटात पुस्तकासारखं कालवलं नाही, कारण माझी त्या गावात सवयच बसली नव्हती.

'श्यामची आई'बद्दल तर हे जास्तच खरं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३मध्ये लिहिलं आणि त्याची रचना रात्रींची आहे. ४२ रात्री. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो. आई गेलेली आहे हे सांगणाऱ्याला पहिल्या रात्रीपासून माहीत असतं, म्हणून मुक्या फुलांसारखी साधी आठवणसुद्धा ओली होते. अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि वनमाला व माधव वझे यांना त्या भूमिकांपासून वेगळं काढताच येत नाही इतकी ती कामं मनात बसली आहेत. तरी पडद्यावर लहान श्याम त्या क्षणात जगत असतो, आणि पुस्तकातला श्याम तो क्षण कायमचा गमावून बसलेला असतो. या दोन श्यामांमधलं अंतर मला चित्रपटात सापडत नाही. 'भरजरी गं पितांबर' ऐकताना मात्र ते काही क्षण सापडतं. ते गाणं का कोण जाणे, पण आठवणीतून आल्यासारखंच वाटतं.

---

तिसरी_घंटा

निळी_शाई, गाण्याचं तुम्ही म्हणालात म्हणून. 'जैत रे जैत'मध्ये जब्बार पटेलांनी हेच केलंय असं मला वाटतं. गो. नी. दांडेकरांच्या भाषेला ठाकरवाडीचा वास आहे, ती भाषाच त्या कादंबरीची निवेदक. चित्रपटाने ती जबाबदारी ना. धों. महानोरांच्या गीतांवर आणि हृदयनाथांच्या संगीतावर टाकली. नाग्या-चिंधीची गोष्ट समूह गाऊन सांगतो. 'नेहमी असं होत आलंय' हा जो काळ तुम्ही म्हणता, तो तिथे गाण्यांतून येतो. १९७७चा चित्रपट आहे, आजही कुठे शिळा वाटत नाही.

आणि 'सिंहासन' (१९७९). अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. दोन पुस्तकं एका चित्रपटात म्हणजे गाळण्याचा कहरच. तरी राजकारण, तस्करी, कामगार, वर्तमानपत्र हे सगळे धागे एकाच शहरात एकमेकांत कसे अडकलेत, हे दोन्ही पुस्तकं सुटी वाचताना दिसतं त्यापेक्षा चित्रपटात जास्त ठसतं. शेवटी निळू फुले यांचा पत्रकार वेड लागल्यासारखा हसत सुटतो. तिथे काही मिटवलंय असं वाचनखूणही म्हणणार नाहीत.

---

वाचनखूण

नाहीच म्हणणार. 'सिंहासन'ला माझा दंडवत.

---

उंबरठ्यापाशी

मी चित्रपटांतून पुस्तकांकडे आलेली वाचक आहे, त्यामुळे माझी निराशा उलट्या दिशेने आलेली आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर १९३१च्या चित्रपटातला तो सपाट डोक्याचा, गुरगुरणारा राक्षस असायचा. मेरी शेलीचं पुस्तक (१८१८) फार उशिरा वाचलं. त्यातला तो जीव बोलतो! चोरून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, मिल्टन वाचतो आणि आपल्या निर्मात्याला समोर बसवून जाब विचारतो. चित्रपटाने त्याची वाचाच काढून घेतली, आणि वर चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसवला गेला असं कारणही दिलं. म्हणजे तो क्रूर का झाला, हा पुस्तकाने छळणारा प्रश्न एका बरणीत बंद झाला.

वाचनखूण म्हणतात ते मला इथे सगळ्यात भयंकर रूपात दिसलं. कारण जगात बहुतेकांना आता तो मुकाच माहीत आहे.

---

कावेरीकाठ

बाप रे, हे खरंच आहे. मूळ पुस्तक न वाचता त्या नावाची उपमा देणारेच जास्त.

---

अक्षरओळ

आता मालिकांचा काळ आहे, तेव्हा लांबीचा प्रश्न तरी मिटायला हवा. 'तमस' १९८८मध्ये दूरदर्शनवर भागांमध्ये आली आणि गोविंद निहलानींना भीष्म साहनींच्या पुस्तकाला पुरेसा श्वास देता आला. गार्सिया मार्केझ यांनी हयातभर 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'वर (१९६७) चित्रपट करू दिला नाही. २०२४मध्ये घरच्यांच्या संमतीने मालिका आली ती स्पॅनिशमध्ये आणि कोलंबियात चित्रित होऊन. बरेच वाचक समाधानी दिसले.

पण नुसत्या लांबीने भागत नाही, याचंही उदाहरण आहे. एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने फ्रँक नॉरिसच्या 'मॅक्टीग' कादंबरीवर 'ग्रीड' केला, पुस्तकातलं शक्य तेवढं सगळं घेऊन. पहिलं रूप आठ तासांच्या आसपास भरलं. स्टुडिओने कापत कापत १९२४मध्ये अडीच तासांच्या आत आणून प्रदर्शित केला आणि कापलेलं बहुतेक सगळं कायमचं गेलं. त्या माणसाचं पुस्तकावरचं प्रेम पाहून गलबलतं. तरी मला प्रश्न पडतो की पानन् पान उतरवणं म्हणजे निष्ठा का? निळी_शाई म्हणतात तो 'नेहमीचा काळ' आठ तासांतही आला असता का?

---

निळी_शाई

माझ्या मते नसता आला. तो काळ मिनिटांनी वाढत नाही, त्यासाठी सांगणारा लागतो. श्याम बेनेगल यांचा 'सूरज का सातवाँ घोडा' (१९९२) बघा. धर्मवीर भारतींचा माणिक मुल्ला त्यांनी पडद्यावर तसाच ठेवला: मित्रांना जमवून दुपारी गोष्टी सांगणारा. एका गोष्टीत पाहिलेला प्रसंग पुढच्या गोष्टीत दुसऱ्या बाजूने पुन्हा येतो आणि आधी कळलेलं मागे घ्यावं लागतं. सांगणारा विश्वासार्ह आहे का, ही शंका चित्रपटभर जिवंत राहते. म्हणजे 'गाइड'मध्ये राजूबद्दल वाटायला हवी होती तीच शंका. पडद्यावर ती ठेवता येते, हे बेनेगलांनी करून दाखवलंय.

---

पावसाळी_ढग

मग 'कोसला'? सांगणाराच सगळं काही आहे तिथे. कुणी करायला घेतला तर पांडुरंग सांगवीकरला सतत बोलायला लावणार का? पडद्यामागून अखंड बोलणं ऐकून दहा मिनिटांत कंटाळा येईल.

---

वाचनखूण

'कोसला'चं (१९६३) मनात खूपदा येतं. सतत बोलणं नको, पटलं. पण त्या पुस्तकात बोलण्याच्या किती तऱ्हा आहेत बघा: गप्पा, थापा, एका वर्षाची डायरी, इतिहास संशोधकांच्या थाटातला तो लांबलचक भाग. दिग्दर्शकाने प्रत्येक तऱ्हेसाठी वेगळी दृश्यभाषा शोधली तर रस्ता निघेल असं मला वाटतं.

भीती एकाच ठिकाणाची आहे. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची. पुस्तकात पांडुरंगाचं बोलणं तिथे आवरत नाही, ते पुन्हा पुन्हा तिथेच आपटत राहतं आणि तरी दुःखाला धड पोचत नाही. पडद्यावर तिथे एक आजारी मुलगी दाखवतील, आई रडेल, मागे सारंगी लागेल. असा सिनेमा मी पाहायला जाणार नाही. मुलगी अजिबात न दाखवता तो भाग करून दाखवणारा कुणी भेटला, तर पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसेन.

---

अपूर्णविराम

मुलगी न दाखवता! हे मला पटत नाहीये. शेवाळाचा तो प्रसंग आपल्याला लागतो, कारण दुर्गाला आपण दोन तास पाहिलेलं असतं, हसताना, पावसात भिजताना. मनी एकदाही दिसली नाही, तर पांडुरंगाच्या आक्रोशाला टेकायला जागाच राहणार नाही. आजारपण दाखवू नका, मान्य. पण आधी एखाद्या सुट्टीत घरी आलेल्या भावाच्या मागे मागे फिरणारी मनी दिसलीच पाहिजे, आणि तीही सहज, कडेला, प्रेक्षकाने फारसं लक्ष न द्यावं अशी.